अस्मानगढ : मलकपेठच्या टेकडीवरील गॉथिक वास्तू आणि तिच्या रक्षणाचा प्रश्न

मलकपेठ म्हटले की आम्हा हैदराबादी मराठी मंडळींच्या डोळ्यांसमोर काही ठरावीक गोष्टी उभ्या राहतात. घोड्यांच्या शर्यतींचे मैदान, गंजातील मिरची-कांद्याची आवक, टी.व्ही. टॉवरची टेकडी, आणि आता रस्त्याच्या डोक्यावरून जाणारी मेट्रो. अब्दुल्ला कुतुबशहाच्या पदरी असलेल्या मलिक याकूब याच्या नावावरून या पेठेला हे नाव पडले, असे सांगतात. कुतुबशाही, आसफजाही आणि आजचे तेलंगण अशा तीन राजवटी या वस्तीने पाहिल्या. सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खानाने, 1886 साली शर्यती मौला अलीहून येथे आणल्या, कारण त्याचा महबूब मॅन्शन हा वाडा जवळच होता. त्याच्या एक वर्ष आधी, 1885 साली, याच परिसरातील एका टेकडीवर एक चमत्कारिक इमारत उभी राहिली होती. दुरून पाहणाऱ्याला ती युरोपातील मध्ययुगीन किल्ल्यासारखी वाटावी, अशी. तिचे नाव अस्मानगढ.

आपल्यापैकी अनेकांच्या घरांतील मुले या टेकडीवरील शाळेत गेली असतील. परंतु ही इमारत कोणी बांधली, ती गॉथिक का म्हणावी, आणि तिच्याच काळातील इतर वास्तू जमीनदोस्त झाल्या असताना ती कशी टिकली, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. या लेखात त्यांचाच मागोवा घ्यावयाचा आहे. हा मागोवा घेताना आम्हाला पॅरिसजवळच्या एका मठापर्यंत, जुन्या गोव्यापर्यंत आणि मराठवाड्यातील पडक्या गढ्यांपर्यंत जावे लागणार आहे. वाचकांनी थोडी सोबत करावी.

अस्मानगढचे निर्माते नवाब सर अस्मानजाह हे पायगा घराण्यातील. पायगा म्हणजे आसफजाही दरबारातील निजामाखालोखालचे उमराव. निजामाच्या कन्या या घराण्यात दिल्या जात. अस्मानजाह 1887 पासून सुमारे सहा वर्षे हैदराबाद संस्थानाचे दिवाण होते. त्याच 1887 साली महाराणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी निजामाचे प्रतिनिधी म्हणून ते लंडनला गेले. म्हणजे टेकडीवरची ही विलायती गढी त्यांनी बांधली ती विलायत पाहण्याच्या आधी. विसाव्यासाठी आणि शिकारीच्या वेळी उतरण्यासाठी शहराबाहेर एक जागा असावी, एवढाच तिचा हेतू होता. काळ्या-करड्या दगडाचे बुरूज, तटाच्या माथ्यावरील चर्या, कमानीदार खिडक्या आणि उंचीवरून दिसणारा सभोवतालचा माळ, असे तिचे रूप. फार्सीतले अस्मान म्हणजे आकाश आणि गढ म्हणजे आपलीच गढी, असा या नावाचा जोड आहे. निर्मात्याचा किताबही त्यात सहज बसला.

आता गॉथिक या शब्दाकडे वळू. ही शैली जन्मली ती एका ख्रिस्ती मठात. पॅरिसजवळच्या सेंट डेनिस येथील मठाचा प्रमुख सुजेर याने आपल्या जुन्या प्रार्थनामंदिराचा पूर्वेकडील भाग नव्याने बांधविला आणि 1144 साली त्याचा प्रतिष्ठापना-विधी केला. तोवरच्या इमारतींत छताचा सारा भार जाड भिंती पेलीत. भिंती जाड, म्हणून खिडक्या लहान, आणि म्हणून आत अंधार. सुजेरच्या कारागिरांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या. अर्धवर्तुळाऐवजी टोकदार कमान घेतली, त्यामुळे भाराचा बाहेरचा रेटा कमी झाला. छत दगडी फासळ्यांवर तोलले, त्यामुळे भार ठरावीक खांबांवर उतरला. उरलेला रेटा पुढे बाहेरच्या धिऱ्यांवर, आणि नंतरच्या पिढ्यांनी बाहेरून टेकू देणाऱ्या अर्धकमानींवर सोपविला. भिंतीवरचे ओझे असे उतरल्यावर भिंतीच्या जागी रंगीत काचेच्या उंच खिडक्या आल्या आणि मठात प्रकाश शिरला. सुजेरला हा प्रकाश ईश्वराचेच रूप वाटे. पुढील तीनचारशे वर्षे पश्चिम युरोपातील मठ आणि मंदिरे याच रीतीने बांधली गेली.

यातील टोकदार कमान दख्खनला परकी नव्हती. 1367 साली गुलबर्ग्याच्या किल्ल्यात बांधलेली जामा मशीद पाहावी, किंवा 1591 चा आपला चारमिनार पाहावा. युरोपीय गॉथिक ऐन भरात असताना दख्खनचे गवंडी आपल्या रीतीने टोकदार कमानी रचीत होते, आणि तेही चुन्यात व दगडात. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात गॉथिकची लाट हिंदुस्थानात आली तेव्हा हैदराबादच्या गवंड्याला कमान शिकविण्याचे कारण पडले नाही. नवीन होता तो बाहेरचा साज.

ही लाट इंग्लंडातून आली. अठराव्या शतकाच्या मध्यापासून तिकडे मध्ययुगाविषयी एक ओढ निर्माण झाली आणि व्हिक्टोरियाच्या काळात तिला राजमान्यता मिळाली. लंडनचे संसदभवन याच शैलीत उभे राहिले. मुंबईत राजाबाई टॉवर 1878 साली पुरा झाला, आणि त्याच वर्षी बोरीबंदरच्या स्थानकाचे काम सुरू होऊन ते 1888 पर्यंत चालले. 1874 साली वाडीमार्गे हैदराबाद आगगाडीने मुंबईशी जोडले गेले होते. अस्मानगढचे दगड टेकडीवर चढत होते तेव्हा बोरीबंदरचेही दगड घडत होते, ही समकालीनता ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फरक एवढाच की मुंबईचे गॉथिक मठ-मंदिरांच्या वंशातले, तर अस्मानगढचे त्याच युगातील किल्ल्यांच्या वंशातले. म्हणून येथे गगनचुंबी कळस नाहीत, बुरूज आहेत. मठ-मंदिराच्या धाटणीचे गॉथिक ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी मेदकला जावे. 1914 च्या दुष्काळात लोकांना काम आणि अन्न मिळावे म्हणून तेथे कॅथेड्रलचे बांधकाम काढण्यात आले आणि 1924 च्या नाताळात ते पुरे होऊन खुले झाले. त्याचा मनोरा 175 फूट उंच आहे.

वास्तूचे शत्रू दोन. आपल्या भाषेत त्यांना फार पूर्वीपासून नावे आहेत : अस्मानी आणि सुलतानी. पाऊस, वीज, पूर, पिंपळाचे मूळ हे अस्मानी संकट. राजाज्ञा, लिलाव, रस्तारुंदी आणि बिल्डरचा करारनामा हे सुलतानी. नावातच अस्मान असलेल्या या गढीचा विचार याच दोन शब्दांनी करणे योग्य ठरेल.

प्रथम सुलतानी पाहू. युरोपातील मठांवर हे संकट ओळीने कोसळले. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 या चार वर्षांत आपल्या राज्यातील सारे मठ मोडीत काढले. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर मठांची मालमत्ता राष्ट्राची झाली. क्लूनीचा मठ 910 साली स्थापन झालेला. त्याचे महामंदिर गॉथिकच्या आधीच्या शैलीतले, आणि एके काळी ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठे. 1798 साली ते विकले गेले आणि पुढील पंचवीस वर्षे त्याचा दगड खाणीतला काढावा तसा काढून नेण्यात आला. आज त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उभा आहे. याउलट समुद्रातील खडकावर वसलेल्या माँ सेंट मिशेल या मठाचे गॉथिक दालन तेराव्या शतकाच्या आरंभीचे, पण आजही अभंग आहे. याचे कारण काही धार्मिक नाही. क्रांतीनंतर या मठाचा तुरुंग केला गेला आणि 1863 पर्यंत तेथे कैदी होते. तुरुंगाला छप्पर लागते, भिंती धड लागतात, पहारेकरी लागतात. तुरुंग हा मठाचा काही सन्मान नव्हे, पण त्याने मठ वाचविला.

हीच गोष्ट अधिक जवळ, कोकणीच्या आणि मराठीच्या मुलखात, जुन्या गोव्यात घडली. पोर्तुगालने 1834 साली मायदेशातील मठ बंद केले आणि पुढच्याच वर्षी गोव्यातील मठवासीयांनाही आपले मठ सोडावे लागले. तेथील दोन मठांची कथा शेजारी शेजारी ठेवून वाचावी. मोंत सांतू टेकडीवरचा ऑगस्टिनियन मठ ओस पडला. 1842 साली त्याच्या मंदिराचे छत कोसळले. 1931 साली दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज जो 46 मीटर उंचीचा एकाकी लाल मनोरा दिसतो तो त्या संहारातून उरलेला. तेथून जवळच असिसीच्या सेंट फ्रान्सिसचे मंदिर आणि त्याला लागून फ्रान्सिस्कनांचा मठ आहे. मंदिर 1661 साली नव्याने बांधले गेले, पण बांधणाऱ्यांनी सोळाव्या शतकातल्या आधीच्या मंदिराचा दरवाजा तसाच ठेवला. हा दरवाजा मानुएल राजाच्या काळच्या उत्तर-गॉथिक शैलीचा आहे. भारतात युरोपीय गॉथिकचे जे मूळ अवशेष आहेत त्यांत त्याची गणना होते. या मठात 1964 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय सुरू झाले. एकाच गावातले, एकाच राजाज्ञेने रिकामे झालेले हे दोन मठ. ज्याच्या दालनांना पुढे काम मिळाले तो उभा आहे. ज्याला मिळाले नाही त्याचे दगड 1986 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, पण छप्पर नाही.

इतक्या दूर जाण्याचेही खरे तर कारण नाही. आपल्यापैकी बहुतेकांची मुळे ज्या मराठवाड्यात आहेत तेथे गावोगावी देशमुख-पाटलांच्या गढ्या आहेत. पांढऱ्या मातीच्या या गढ्यांतून माणसे शहरांकडे निघाली, वारसांच्या वाटण्या झाल्या, आणि गावकऱ्यांनी घर सारवायला आणि धाब्यावर घालायला ती पांढरी माती टोपलीटोपलीने नेली. क्लूनीला जे पंचवीस वर्षांत झाले ते आपल्या गढ्यांचे दोन पिढ्यांत झाले. नेणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याच्या लेखी ती माती कोणाची नव्हती.

हैदराबादच्या पायगा घराण्याचे वाडेही याच न्यायाने वाचले किंवा गेले. अस्मानजाहांचाच बशीरबाग वाडा पाडला गेला. आज त्याचे नाव एका चौकाला आणि वस्तीला उरले आहे, वाडा कोठे होता हे सांगणारेही विरळ. विकार-उल-उमरा यांनी बांधलेला फलकनुमा दीर्घकाळ बंद राहून 2010 साली हॉटेल म्हणून उघडला. त्यांचाच बेगमपेठेतील पायगा पॅलेस 2008 पासून 2023 पर्यंत अमेरिकन वकिलातीचे कार्यालय होता. आणि अस्मानगढमध्ये काही काळ बिर्ला पुरातत्त्व संग्रहालय होते. शिल्पे, शस्त्रे आणि उत्खननातील वस्तू पाहण्यासाठी जुने हैदराबादकर तेथे जात. पुढे सेंट जोसेफ पब्लिक स्कूलची शाखा तेथे भरू लागली. शिकारखान्यासाठी बांधलेल्या दालनांत मुलांनी पाढे म्हणावेत, हे अस्मानजाहांच्या स्वप्नातही आले नसेल. पण मुले आली म्हणून दिवे आले, झाडलोट आली, गळणाऱ्या छताकडे कोणाचे तरी लक्ष गेले.

याच टेकड्यांच्या परिसरात उलट उदाहरणही आहे. फ्रेंच सेनानी रेमंड याची समाधी अस्मानगढपासून जवळच. 1795 साली खर्ड्याच्या रणांगणावर निजामाच्या बाजूने मराठ्यांशी लढलेला तो हाच रेमंड. मुसलमान त्याला मूसा रहीम म्हणत आणि हिंदू मूसा राम. मूसारामबाग हे नाव त्याचेच. तो 25 मार्च 1798 रोजी वारला, म्हणजे क्लूनीचा मठ विकला गेला त्याच वर्षी. त्याच्या समाधीवर सुमारे 23 फूट उंचीचा दगडी सूचिस्तंभ आहे आणि पुढे ग्रीक धाटणीच्या खांबांचा मंडप. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत त्याच्या पुण्यतिथीला लोक येथे जमत. ती रीत थांबली, येणेजाणे थांबले, आणि या शतकाच्या आरंभी पावसाने तो मंडप कोसळला. तो पुन्हा उभारण्यात आला हे समाधानाचे, पण पुन्हा उभारलेला मंडप आणि टिकलेला मंडप यांत अंतर असतेच.

तेव्हा आमचे म्हणणे असे की वास्तू टिकते ती मुख्यतः तिला काम असल्यामुळे. कायदा हा त्या कामाचा राखणदार होऊ शकतो, पर्याय होऊ शकत नाही. कायद्याची गरज मात्र आहेच, आणि हैदराबादेत त्याची कहाणी डळमळीत आहे. नगरविकास प्राधिकरणाच्या 1981 च्या नियमावलीतील तेराव्या नियमाखाली शहरातील वारसा-वास्तूंच्या याद्या झाल्या होत्या. 2015 साली तेलंगण शासनाने तो नियमच रद्द केला. 2017 साली राज्याचा स्वतंत्र वारसा कायदा आला. 2019 साली इर्रम मंझिल पाडून तेथे विधानभवन बांधण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा नागरिक न्यायालयात गेले आणि सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्दबातल ठरविला. सुलतानीला अडविता येते, हे त्या निकालाने दाखविले. त्यासाठी आधी कोणीतरी उठावे लागते, हेही दाखविले.

आता अस्मानी. 1908 च्या सप्टेंबरात मुसीला आलेल्या महापुराने शहराचे काय केले हे आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून आलेले आहे. टेकडीवरच्या वास्तूला तसा पूर शिवत नाही. तिला पोखरते ते हळूहळू झिरपणारे पाणी. पन्हाळीत पाला अडकतो, छतावर पाणी साचते, सांध्यात ओल मुरते, पक्ष्यांनी टाकलेले पिंपळाचे बी त्या ओलीत रुजते आणि दहा वर्षांत मूळ दगड सरकविते. यावर उपाय साधा आणि स्वस्त आहे. मृगाच्या आधी पन्हाळी साफ करणे आणि रोप बोटभर असतानाच मुळासकट काढणे. जे काम वर्षाला एका दिवसाचे, ते टाळले की पुढे लाखोंचे होते.

दुसरी अस्मानी माणसाच्या हाताने येते, आणि ती सिमेंटच्या पोत्यातून. जुने बांधकाम चुन्याचे. दख्खनचा गवंडी चुना घाणीत मळून त्यात गूळ, बेलफळ, हिरडा, उडदाचे पाणी घालीत असे. असा चुना दगडापेक्षा मऊ राहतो आणि आतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि घट्ट. त्याचा थर दिला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि शेवटी सिमेंट तसेच राहून दगडाचाच पोपडा सुटतो. कुतुबशाही घुमटांवर 2013 पासून आगाखान न्यासाने जे काम केले आणि जे 2024 साली पूर्णत्वाला गेले, त्यात गेल्या शतकातील सिमेंटचे थर काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करणे हा मोठा भाग होता. चुन्यालाही निगराणी लागतेच. मे 2019 मध्ये चारमिनारच्या एका मिनाराच्या चुनेगच्ची नक्षीचा तुकडा गळून पडला, हे आपणा सर्वांना आठवत असेल. युरोपातही हाच धडा नव्याने गिरवला गेला. एप्रिल 2019 मध्ये पॅरिसच्या नोत्र दामचे छत जळाले, तेव्हा ते पोलादाने किंवा काँक्रीटने न उभारता मध्ययुगीन रीतीने ओकच्या तुळया ताशून उभारण्यात आले, आणि डिसेंबर 2024 मध्ये मंदिर पुन्हा उघडले. जुनी सामग्री वापरण्यात भाबडेपणा नव्हता. जुन्या भिंतींना जुनाच भार मानवतो, हा त्यामागचा हिशेब होता.

येथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. वापराने वास्तू टिकते हे खरे, पण वापरानेच ती झिजतेही. शाळेला वर्ग वाढवावे लागतात, स्वच्छतागृहे बांधावी लागतात, विजेच्या तारा न्याव्या लागतात. हॉटेलला लिफ्ट लागते, कार्यालयाला वातानुकूलन लागते. प्रत्येक सोयीसाठी एखादी भिंत फुटते. याचे उत्तर वापर थांबविण्यात नाही. कोणत्या भागाला हात लावायचा आणि कोणत्या भागाला नाही, हे आधी ठरविण्यात आहे. दर्शनी बाजू, बुरूज, कमानी आणि मूळ जिने हे अस्पर्श राहावेत, नव्या गरजा स्वतंत्र इमारतीत भागवाव्यात, आणि जे काही जोडले जाईल ते पुढे मूळ दगडाला इजा न होता काढता यावे, एवढे तीन नियम पाळले तरी पुष्कळ झाले. हे नियम पाळणाऱ्या मालकाला मालमत्ताकरात सवलत मिळाली तर आणखी बरे. रक्षणाचा खर्च एकट्याने सोसावा आणि अभिमान साऱ्या शहराने बाळगावा, हा व्यवहार फार दिवस चालत नाही.

हा विषय आम्ही आपल्या मंडळींसमोर मांडतो आहोत त्याला एक घरचे कारण आहे. आपण या शहरात पिढ्यान् पिढ्या राहिलो. दप्तरदार, वकील, शिक्षक, व्यापारी म्हणून आलो आणि येथलेच झालो. रायरायां घराण्याने शाहअली बंड्याला उभारलेला घड्याळाचा मनोरा, केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने वाढविलेल्या शिक्षणसंस्था, काचीगुडा, गौलीगुडा, इसामिया बाजार आणि सुलतान बाजार येथील आपले चौकाचे वाडे, ही आपली येथली दगडविटांची नोंद होय. त्यातले वाडे एकामागून एक जात आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला आहेत, सहा वारसांच्या सह्या जमविणे कठीण आहे, आणि बिल्डर चारही मजल्यांचा हिशेब घेऊन दारात उभा आहे. विकणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही. ज्याला त्या घराचा कर भरावा लागतो त्यालाच त्याचे ओझे ठाऊक.

तरीही तीन गोष्टी होऊ शकतात. जो वाडा राहणार आहे त्याला काम द्यावे : शिकवणी, वाचनालय, संगीताचा वर्ग, छोटे कार्यालय, काहीही, पण दार रोज उघडले पाहिजे. जो वाडा जाणार आहे त्याची मोजणी करून घ्यावी. शहरात वास्तुशास्त्राचे विद्यापीठ आहे, तेथील विद्यार्थी जुन्या इमारतींची मोजमापे व नकाशे अभ्यास म्हणून आनंदाने करतात, आणि इन्टॅकसारखी संस्थाही मार्गदर्शन करते. आणि जो वाडा गेलाच आहे त्याची छायाचित्रे, खरेदीखते, सनदा, दुरुस्तीच्या वह्या, ज्यांत चुन्याचा भाव आणि गवंड्याची मजुरी लिहिलेली असते, त्या रद्दीत न टाकता त्यांची यादी करून आपल्या ग्रंथसंग्रहालयाकडे द्यावी. कोणाच्या घरी अस्मानगढचे, तेथील संग्रहालयाच्या दिवसांतले किंवा जुन्या मलकपेठचे एखादे छायाचित्र असेल, तर त्याचे या कामी विशेष मोल आहे.

सेंट डेनिसच्या कारागिरांनी भिंतीवरचा भार खांबांवर आणि धिऱ्यांवर वाटून दिला, म्हणून छत उंच गेले. जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा भारही एकट्या मालकावर, एकट्या शासनावर किंवा एकट्या न्यायालयावर टाकून चालणार नाही. येत्या मृगाच्या आधी आपापल्या घराच्या पन्हाळी तरी साफ कराव्यात आणि कपाटातली जुनी पेटी उघडून आत काय आहे ते लिहून काढावे, एवढी विनंती करून हा लेख संपवितो.